यादीत कोणाकोणाला घेतलंस?

चि. बाळास, माधवनगर.


तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून करून वाचला. डेबियन १३ नीट बसलंय, कॉम्प्युटरही ठणठणीत आहे. घोळ आहे तो सोर्सेसच्या यादीत. डेबियनच्या मूळ ओळींखाली उबंटूचा एक पीपीए (म्हणजे कुणाची तरी खासगी रेपॉझिटरी), त्याखाली डेबियनचीच अस्थिर शाखा 'सिड', आणि तळाला कुठलीशी व्हिडिओ एडिटरची रेपॉझिटरी, तीही 'ट्रस्टेड=येस' लावून! म्हणजे सही तपासायची नाही, असं तूच पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीला बजावून ठेवलंस. अशा मिसळीला डेबियनवाले 'फ्रँकनडेबियन' म्हणतात.

अपग्रेड करताना काढून टाकायच्या पॅकेजेसमध्ये 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' आणि 'नेटवर्क-मॅनेजर' दिसल्यावर तू 'वाय' न दाबता थांबलास, हे फार बरं केलंस. २०२१ मध्ये एका नामांकित कॅनेडियन यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम घालताना अशीच यादी समोर असूनही 'येस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य टाइप केलं आणि डेस्कटॉपच उडवला. लाखो लोकांनी ते पाहिलं. एपीटी तेव्हाही सगळं सांगत होता. पण 'काढली जातील' ही ओळ वाचतो कोण?

आता हे झालं कसं ते बघ. प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीला एपीटी एक प्राधान्यांक देतो, तो बहुतेक रेपॉझिटरींना ५०० असतो. अंक सारखे असले की जिची आवृत्ती नवी तिची सरशी. सिडमध्ये जवळजवळ सगळंच नवं, त्यामुळे ती एक ओळ घातलीस आणि तुझ्या 'स्टेबल' मशीनने आपण होऊन सिडची वाट धरली. एपीटीची काही चूक नाही, तू दिलेल्या यादीप्रमाणे तो इमानाने चालला.

नवं ते चांगलं असं तुला वाटतं, तर मार्च २०२४ ची गोष्ट ऐक. एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, कोणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला, त्याने पाठपुरावा केला आणि प्रकरण उघडं पडलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि सिडमध्ये ती आवृत्ती पोचली होती, स्टेबलमध्ये नव्हती. स्टेबल साधारण दोन वर्षांनी बदलतं (१२ आलं जून २०२३ मध्ये, १३ ऑगस्ट २०२५ मध्ये), याला तू रटाळपणा म्हणतोस. मी रोज सर्व्हर सांभाळते, मला तो रटाळपणाच हवा असतो.

आणि पीपीएवाला माणूस भला असेलही. पण पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. तू ज्याची ओळ यादीत घालतोस, त्याच्या हाती घराची किल्ली जाते, आणि दर अपग्रेडला तो आत येतो.

तर आता काय करायचं? (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप इंग्रजीतच करायच्या.) आधी होममधल्या फायली पेनड्राइव्हवर घे. मग 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरमध्ये जा. परक्या फायली पुसू नकोस. नव्या धाटणीच्या फायलीत 'एनेबल्ड: नो' अशी ओळ घाल, जुन्या धाटणीच्या असतील तर ओळीपुढे हॅश दे. 'डेबियन.सोर्सेस'मध्ये तीनच सूट ठेव: ट्रिक्सी, ट्रिक्सी-अपडेट्स आणि ट्रिक्सी-सिक्युरिटी. सिक्युरिटीचा पत्ता वेगळा असतो, तो गाळू नकोस. 'स्टेबल' असं न लिहिता 'ट्रिक्सी' हेच नाव लिही. नाहीतर १४ बाहेर पडल्यावर पुढच्या अपग्रेडला तुझं मशीन तिकडे उडी मारू बघेल. कंपोनंटमध्ये 'मेन'सोबत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' राहू दे, त्याशिवाय आपल्या त्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय बहुधा चालणार नाही.

मग 'एपीटी अपडेट', आणि त्यानंतर 'एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड'. ज्या पॅकेजापुढे 'लोकल' लिहिलेलं दिसेल, त्याची ती आवृत्ती आता यादीतल्या कोणाकडेच नाही, म्हणजे ती बाहेरून आलेली. त्यातलं प्रत्येक पॅकेज 'एपीटी पॉलिसी'ने बघ. दोनचार असतील तर काढता येतील. त्यात लिबसी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा पाया, असेल तर हात लावू नकोस, मला फोन कर.

एखादं पॅकेज खरंच नवं हवं असेल तर 'ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स' आहे. त्याचा प्राधान्यांक १०० असतो, त्यामुळे तू 'डॅश टी' लावून मागितल्याशिवाय तिथलं नवं पॅकेज आपण होऊन येत नाही. सिडमध्ये आणि यात हाच तर फरक.

पावसाळ्यात अपग्रेड लावायचा तो लॅपटॉप पूर्ण चार्ज करून. आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी किती टिकते हे तुला ठाऊक आहे. मध्येच बंद पडलाच तर घाबरू नकोस, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दे, अर्धवट राहिलेलं तो पुरं करतो. लॉकचा मेसेज आला तर लॉकची फाइल उडवायची नाही, कोणी काहीही सांगो. मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं, पाच मिनिटं चहा घे.

सगळं मलाच विचारत बसू नकोस. विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, त्यांच्या कार्यशाळा असतात, चौकशी कर. टर्मिनलची धास्ती वाटली तर सिनॅप्टिक वापर. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून लिनक्सचे धडेही आहेत.

आणि तो व्हिडिओ एडिटर, ज्याच्यासाठी एवढं सगळं केलंस! केडेनलाइव्ह डेबियनच्या मेनमध्येच आहे. 'सुडो एपीटी इन्स्टॉल केडेनलाइव्ह', बस्स. यादी साफ झाल्यावर ते घाल, आणि 'एपीटी पॉलिसी'चा नवा फोटो पाठव. या वेळी जरा सरळ काढ.

आजीला नमस्कार.

तुझी,
आत्या