काळी शेळी, पांढरी गाय आणि मोबाइलचा कॅमेरा

प्रश्न : मित्र परगावी गेल्याने त्याच्या उस्मानाबादी शेळ्या आणि खिलार गाय सध्या मी सांभाळतो आहे. त्याला फोटो पाठवायचे असतात, पण शेळी नुसता काळा डाग दिसते आणि गाय पांढरीफटक. काय करावे?

उत्तर : दुपारचे ऊन टाळा. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा गोठ्याच्या सावलीत फोटो घ्या. पडद्यावर जनावराच्या अंगावर बोट टेकवून उजेड जुळवा : गाईसाठी कमी, शेळीसाठी थोडा जास्त. दोघींना एका चौकटीत बसवायचा हट्ट नको. खाली बसून डोळ्यांच्या पातळीवरून टिपा, फ्लॅश बंदच ठेवा. गाईच्या थेट मागून जाऊ नका. तिथले तिला दिसत नाही, ती बिचकते. रवंथ करताना ती निवांत असते, तीच वेळ साधा.

धान्याची लालूच मात्र अजिबात दाखवू नका. जास्त धान्य शेळीच्या जिवावर बेतू शकते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रोज एकाच जागेवरून घेतलेला डाव्या कुशीचा फोटो. रवंथाचे मोठे पोट त्याच बाजूला असते, त्यामुळे पोटफुगी तिथे आधी दिसते. कूस फुगलेली दिसली, तर आधी पशुवैद्यकाला फोन करा, मग मित्राला.