आप्तांचा आधार आणि उद्योगाचा आरंभ



लहानसा धंदा सुरू करावा असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भांडवलाचा. तारण ठेवायला काही नसले, की कर्ज मिळणे कठीण जाते. मग माणूस भावाकडे, मेहुण्याकडे, शेजाऱ्याकडे पाहतो. आप्तांचा हा आधार केवळ पैशाचाच असतो काय? या पाठात आपण दोन उदाहरणे पाहणार आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला जाण्याचा त्यांचा विचार वडिलांना रुचला नाही. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. पुढे लक्ष्मणराव मुंबईत तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवू लागले आणि दोघा भावांनी सायकलींचा व्यापार आरंभिला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावातच भाऊ आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. रामूअण्णांनी दिलेली खरी मदत वेळेची आणि श्रमांची होती. लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. विक्री होत नसतानाच्या त्या काळात घरच्यांचा विश्वास हेच मोठे भांडवल ठरले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी या स्नेह्याने आपल्या संस्थानात जमीन दिली, बिनव्याजी कर्जही दिले. १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली.

संस्थानिक स्नेही प्रत्येकाला कोठून लाभणार, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण अगदी साध्या घरांतले घेऊ.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी पापड लाटायला बसल्या. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. हाच पुढे ‘लिज्जत’ पापड झाला.

येथे ‘उसने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, असे या भगिनींनी ठरविले होते. त्या प्रथम दोन प्रतींचे पापड करीत, हलक्या प्रतीचा स्वस्त विकावा म्हणून. पारेखांनी सांगितले की एकच चांगली प्रत ठेवा आणि हिशेब चोख लिहा. माझ्या मते ८० रुपयांपेक्षा हा सल्ला अधिक मोलाचा होता. आपल्याकडे नात्यात कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा समज आहे. प्रत्यक्षात रक्कम किती, ती केव्हा परत करायची, धंदा बुडाला तर काय, हे न लिहिल्यामुळेच सख्खे भाऊ सणावारालाही एकमेकांकडे जाईनासे होतात. मदत करणाऱ्याला नफ्यात वाटा हवा आहे की नुसते पैसे परत हवे आहेत, हेही आरंभीच विचारून घ्यावे.

गिरगावातल्या भगिनींना पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. तरीही वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. मोडके पापड शेजारीपाजारी वाटले जात. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटविला आणि काम चालू ठेवले.

आता आपल्या परिसरातील एखाद्या छोट्या व्यावसायिकास भेटा. त्याला पहिली रक्कम कोणी दिली, ती केव्हा परत केली आणि तो व्यवहार लिहून ठेवला होता काय, हे विचारून दहा ओळी लिहा.