एन्डॉस्मोसिस : बाबासाहेबांच्या लेखणीतील एक दुर्मीळ शब्द

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे इंग्रजी ग्रंथ वाचताना, इंग्रजीचा उत्तम सराव असलेला वाचकही एका शब्दापाशी थबकतो. तो शब्द म्हणजे 'एन्डॉस्मोसिस'. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात आदर्श समाजाचे विवेचन करताना बाबासाहेबांनी तो 'सोशल' या विशेषणासह योजला आहे. शब्दकोशात पाहावे, तर तो आपल्याला वनस्पतींच्या पेशींकडे आणि प्रयोगशाळेतील काचनळ्यांकडे नेतो. जातिव्यवस्थेच्या चिकित्सेत असा शब्द का यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बंधुता या तत्त्वाचा अर्थच अधिक स्पष्ट होतो; म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा छोटासा पाठ ठेवीत आहे.

वर्णलेखन आणि व्युत्पत्ती

हा शब्द इंग्रजीत दहा अक्षरांचा आहे : ई, एन, डी, ओ, एस, एम, ओ, एस, आय, एस. विद्यार्थ्यांनी तो 'एन्ड' अधिक 'ऑस्मोसिस' असा लक्षात ठेवावा, म्हणजे लिहिताना चूक होणार नाही. मात्र येथील 'एन्ड'चा शेवट या अर्थाशी काहीही संबंध नाही. मूळ ग्रीक भाषेत 'एन्डॉन' म्हणजे आत आणि 'ओस्मॉस' म्हणजे रेटा, ढकलणे. 'एन्डो' आणि 'ऑस्मोसिस' यांची सांधेजोड होताना दोन 'ओ'पैकी एक गळला. आत शिरणारा रेटा, हा त्याचा शब्दशः अर्थ.

या क्रियेचे निरीक्षण शब्दाहून जुने आहे. १७४८ साली नोले या फ्रेंच अभ्यासकाने मद्यार्क भरलेली डुकराच्या मूत्राशयाची पिशवी पाण्यात ठेवली, तेव्हा ती पाणी आत घेऊन टरारून फुगली. पुढे १८२६ साली आंरी द्युत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने या क्रियेला नाव दिले. पडद्यातून दोन विरुद्ध दिशांनी प्रवाह वाहतात, असे त्याचे प्रतिपादन होते. आत जाणाऱ्या प्रवाहाला त्याने 'एन्डॉस्मोस' म्हटले आणि बाहेर येणाऱ्याला 'एक्झॉस्मोस'. आज प्रचारात असलेला 'ऑस्मोसिस' हा आखूड शब्द या जोडीतूनच नंतर निघाला. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'परासरण' म्हणतात.

ही क्रिया आपल्या स्वयंपाकघरातही घडते. सुकलेला बेदाणा पाण्यात टाकला की काही तासांत तो फुगतो; पाणी सालीतून आत शिरते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. येथे पाणी बाहेर येते. दोन्ही ठिकाणी पडदा आहे, तो फाटलेला नाही, तरीही त्यातून ये-जा होते. हे वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

प्रयोगशाळेतून समाजशास्त्राकडे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथील त्यांचे एक गुरू म्हणजे तत्त्वज्ञ जॉन ड्युई. ड्युईंचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. समाजाची विभागणी वरिष्ठ आणि अंकित अशा वर्गांत झाली की हे सामाजिक परासरण थांबते, आणि त्याची हानी केवळ खालच्या वर्गालाच नव्हे तर वरच्या वर्गालाही होते, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे.

बाबासाहेबांनी हा शब्द गुरूकडून घेतला, पण तो लावला अशा समाजाला, जेथे पडदा जन्माने ठरतो. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते अवघ्या सत्तावीस वर्षांचे होते. मताधिकाराच्या त्या चर्चेतही हा शब्द येतो. अलग पडलेले गट केवळ स्वतःचेच हित पाहतात. त्यांच्यात परासरण सुरू झाले, तरच जुन्या वृत्ती बदलून सर्वांची मिळून नवी समानमनस्कता निर्माण होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. सतरा वर्षांनी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात, हाच शब्द बंधुतेचे लक्षण म्हणून आला.

अभिसरण आणि परासरण

मराठीत आपण या संकल्पनेला बहुधा 'सामाजिक अभिसरण' म्हणतो. हा शब्द रूढ आहे, गोड आहे; परंतु त्यात मूळ अर्थाचा एक महत्त्वाचा अंश हरवतो. रक्ताचे अभिसरण होते ते आपल्याच शरीरात, आपल्याच रक्तवाहिन्यांतून. परासरणात मात्र पडदा ओलांडावा लागतो.

हा भेद आपल्या रत्नागिरी जिल्ह्याइतका स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. येथील गाव वाड्यांनी बनते. प्रत्येक वाडीचा मुंबईशी अखंड संबंध आहे : माणसे जातात, पैसा येतो, विहाराचे बांधकाम होते, जयंतीला गाड्या भरून मंडळी येतात. हे अभिसरण आहे आणि त्याने आपल्याला जगविले, शिकविले. परंतु बौद्धवाडी आणि तिच्या शेजारची वाडी यांच्यामध्ये सुखदुःखाची, जेवणाच्या पंक्तीची, सोयरिकीची ये-जा किती आहे? मुंबईचे शेकडो किलोमीटर आपण सहज पार करतो. दोन वाड्यांमधील पाणंद मात्र पार होत नाही.

केवळ कायद्याने पडदा पाझरत नाही, हे महाडने दाखवून दिले. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी स्वतः तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. 'आत शिरणारा रेटा' या ग्रीक धातूचा अर्थ इतिहासाने त्या दिवशी कृतीत लिहिला.

आपल्यासाठी धडा

या शब्दाची कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. शिकलेला आणि न शिकलेला, शहरातील सदनिका आणि वाडीतील घर यांच्यामध्येही एक नवा पडदा तयार होत आहे. सोयरीक जुळविताना जुन्या पोटजातीची चौकशी आपल्यातही होतेच. बाहेरच्या भिंतीविषयी बोलण्याचा अधिकार आतल्या भिंतीकडे पाहणाऱ्यालाच शोभतो.

निवासी विद्यालयाचे मोल येथे कळते. वेगवेगळ्या तालुक्यांतील मुले एका पंगतीत जेवतात, एका खोलीत अभ्यास करतात, एकमेकांच्या आजारपणात रात्र जागवितात. ही रोजची देवघेव म्हणजेच परासरण. मात्र बेदाणा पाण्यात असेपर्यंतच फुगतो. बाहेर काढून उन्हात ठेवला की पुन्हा सुकतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. आपापल्या गावी याल तेव्हा विहारातील कार्यक्रमाचे निमंत्रण शेजारच्या वाडीतही स्वतः चालत जाऊन द्यावे, आणि त्यांच्या घरच्या दुःखात न बोलावता जावे. ग्रंथालयाला पुस्तके देताना ती गावातील कोणत्याही मुलाला वाचता येतील अशी सोय करावी. दहा अक्षरांचा हा शब्द पाठ करणे सोपे आहे. तो आचरणात आणणे हेच बाबासाहेबांना अपेक्षित असलेले बंधुतेचे शिक्षण होय.

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.