बीटी वांगे व जैव-सुरक्षेचे नियम

एका सजीवातील जनुक प्रयोगशाळेत दुसऱ्या सजीवात घालून तयार केलेल्या वाणास जनुक-परिवर्तित वाण म्हणतात. भाजीपाल्यातील आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे बीटी वांगे होय.

शेंडा व फळ पोखरणारी अळी ही वांग्याची मोठी शत्रू. ती फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकऱ्यास वरचेवर फवारणी करावी लागते. यावर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूवरून घेतलेले जनुक वांग्यात घातले. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्यात जाऊन तिला मारते. धारवाड व कोइमतूर येथील कृषी विद्यापीठांनी हेच जनुक स्थानिक वाणांत उतरविले. धारवाडच्या निवडीत मांजरी गोटा होते, तसेच आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कुडचीचे वांगेही होते.

अशा वाणास परवानगी कोणी द्यावयाची? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत याच्या मुख्य पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम संस्थेची स्वतःची जैव-सुरक्षा समिती, नंतर जैवतंत्रज्ञान विभागातील आढावा समिती व शेवटी पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समिती. या शेवटच्या समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी बीटी वांग्यास अनुकूल मत दिले. तथापि मंत्री जयराम रमेश यांनी नागपूर, बंगळूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. ती अद्याप उठलेली नाही. त्याच वर्षी समितीच्या नावातील 'मान्यता' जाऊन 'मूल्यमापन' आले.

स्थगितीची कारणे विचारार्ह आहेत. स्वतंत्र चाचण्या अपुऱ्या होत्या. राज्य सरकारांचा पाठिंबा नव्हता. शिवाय भारत हे वांग्याच्या विविधतेचे माहेरघर असल्याने परागसंकराचा प्रश्न होता. स्थानिक वाण राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीविना वापरले, अशी तक्रारही २०१० साली झाली. तिचा आधार २००२ चा जैवविविधता कायदा हा होता.

उलट, शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली हेच वांगे मान्य केले व २०१४ पासून ते तेथील शेतांत आले. झाड एकच, निर्णय मात्र दोन. यावरून असे दिसते की, वाण सुरक्षित आहे काय, एवढाच नियमनाचा प्रश्न नाही. चाचणी कोणी केली, तिचे निष्कर्ष कोणी तपासले आणि ज्यांचे बियाणे मुळात वापरले त्यांना विचारले काय, हेही त्यातच येते.