आरसा अख्खा मोडत नाही

पुण्यात गाडी चालवणाऱ्याचे दोन वर्ग असतात: ज्यांचा डावा आरसा मोडलाय ते, आणि ज्यांचा मोडायचाय ते. मी अलीकडेच वरच्या वर्गात गेलो. त्या काळात जे उमगलं, ते असं.

१. राग काढायला समोर माणूस लागतो. सिग्नलला उभा होतो, डावीकडच्या वीतभर फटीतून एक दुचाकी घुसली, हँडल आरशाला लागलं आणि खळकन आवाज आला. स्वारानं मागे न बघता हात वर केला. ती माफी होती की ‘सरक बाजूला’, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या क्षणी तो दिसेनासा झाला आणि माझ्याकडे भरपूर राग उरला. तो मग घरी, पार्किंगमध्ये, वॉचमनकाकांवर असा हप्त्याहप्त्यानं खर्च झाला. काकांनी शांतपणे विचारलं, “काच गेली का मोटर?” त्या अख्ख्या दिवसात कामाचा प्रश्न तेवढा एकच होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

२. आरसा म्हणजे एक वस्तू नव्हेच. ती एक एकत्र कुटुंबपद्धती आहे. काच, तिला धरणारी प्लास्टिकची पाठ, काच हलवणारी छोटी मोटर, बाहेरचं रंगीत कव्हर, त्यातला इंडिकेटर, मिटणारा सांधा, दरवाजावर बसणारा पाय आणि आत जाणारी वायर. माझी काच तडकली होती आणि कव्हर उडालं होतं. बटण दाबलं की तडकलेली काच इमानदारीत वर-खाली होत होती, इंडिकेटर लुकलुकत होता. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा मात्र अदबीनं म्हणाला, “सर, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल.” काय मोडलंय हे आपण सांगितलं नाही, तर काय विकायचंय ते समोरचा सांगतो. त्यात त्याचाही फार दोष नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर बहुधा तेवढी एकच ओळ असते.

३. विमा लहान दुखण्यासाठी नसतो. ‘विमा आहे ना!’ असं मी दिवसभर छाती काढून सांगत होतो. रात्री पॉलिसी पहिल्यांदाच नीट वाचली. साध्या पॉलिसीत काचेला घसारा नाही, पण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आपल्या खिशातून भरायचेच. झिरो डेप घेतलं असेल तर घसारा वाचतो, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत पोचायला ओळीनं पाच वर्षं बिनक्लेम काढावी लागतात. काच आणि कव्हरच्या खर्चाशेजारी हे आकडे मांडले आणि छाती आत घेतली.

४. आपली गाडी आपल्याला ओळखीची असते, माहितीची नसते. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “मॉडेल कुठलं? वर्ष? ऑटो फोल्ड? कपलरला पिना किती?” परीक्षेत अवांतर विचारल्यासारखा चेहरा करून मी म्हणालो, “पांढरी आहे.” “पांढरी कुठली?” हा पुढचा प्रश्न. पांढऱ्यातही मोत्याची झाक असलेला, साधा असे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर छापलेला असतो, हे तिथे कळलं. तोवर माझ्यामागे रिक्षावाल्यांची रांग लागली होती. त्यांच्यातला प्रत्येक जण हवी ती वस्तू एका वाक्यात मागून, पैसे टाकून चालता होत होता.

५. हातातली कला व्हिडिओत दिसत नाही. काच बसवण्याचे व्हिडिओ मी बघून गेलो होतो, त्यामुळे मेकॅनिकला दोन सूचना करायची तयारी होती. त्यानं आधी फुटक्या काचेवर आडवी-उभी चिकटपट्टी मारली, म्हणजे तुकडे आत पडत नाहीत. मग काचेची वरची कड आत दाबली, खाली फट उघडली, तिच्यात प्लास्टिकची पट्टी सरकवून हलकेच पिरगाळली. काच हातात आली. नवी काच लावून त्यानं तळवा बरोबर मध्यावर ठेवला आणि दाबला. टक्. “कडेला दाबली की गेली,” एवढंच बोलला. माझ्या दोन्ही सूचना मी परत घरी आणल्या.

६. स्वस्त काच खोटं बोलते, चांगली काचही थोडं बोलते. मापानं कापलेली सपाट काच डबल टेपनं चिकटवून देणारे भेटतात. तिच्यात सगळं खऱ्या आकाराचं दिसतं, पण फार थोडं दिसतं. कंपनीची काच बाहेर फुगीर असते. ती जास्त रस्ता दाखवते, पण प्रत्येक वाहन लहान, म्हणजे लांब, भासवते. मी फुगीर घेतली. मागचा ट्रक वाटतो त्यापेक्षा जवळ आहे, हे लक्षात ठेवायचं काम काचेकडून होत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

७. जे रोज बघतो, ते नसल्यावर कळतं. २००९ साली नॅनो आली तेव्हा तिला डावीकडे आरसाच नव्हता, आणि तेव्हा आम्ही हसलो होतो. नवी काच मिळेपर्यंत मी तसाच फिरलो आणि हसू जिरलं. डावीकडून ओव्हरटेक करायचा नाही, हा आपल्याकडे नियम आहे, पण पुण्यात त्याला सुचवणी समजतात. मान वळवून वळवून दुखायला लागली, शेजारच्या सीटवरच्या मंडळींना ‘बघ गं, कुणी येतंय का’ असं विचारायची वेळ आली, आणि गाडी मात्र आश्चर्यकारकरीत्या सावकाश, सभ्यपणे चालली.

तुमचा आरसा कधी ना कधी जाईलच. तुमचा वेगळ्या चौकात, वेगळ्या हँडलनं. तेव्हा असेंब्लीचा भाव ऐकण्याआधी बटण दाबून बघा, इंडिकेटर लावून बघा, सांधा मिटून बघा. मोडलेलं सोडून बाकीचं बहुतेक शाबूत असतं, आणि पैसे फक्त मोडलेल्याचेच द्यायचे असतात.