वर्धा खोऱ्यात खाण येतेय? कागदांचा खर्च असा धरा

वणी, घुग्घुस, माजरी, राजुरा या पट्ट्यात कुणाच्याही ओसरीवर बसा, बोलणं फिरून खाणीवर येतंच. अमक्या गावाला कलम ४ लागलं, तमक्याचं ७ झालं, नोकरी कुणाच्या नावे लावायची. मोबदल्याचे आकडे घरोघरी तोंडपाठ असतात. पण खाणीच्या परवानगीत आपलं म्हणणं नोंदवायला आणि पुढे जमीन नीट होतेय का ते पाहायला गावाला किती पैसे लागतात, हे विचारलं की सगळे गप्प होतात. पैसे थोडेच लागतात. महाग पडतात त्या चुकलेल्या तारखा.

आधी घरचे कागद. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत निघतो. वारसनोंद राहिली असेल तर आताच पटवाऱ्याकडे अर्ज द्या. आजोबांच्या नावाचा सातबारा घेऊन मोबदल्याच्या टेबलापाशी भांडणारे सख्खे भाऊ मी पाहिलेत. पैसे तर अडतातच, घरही फुटतं.

सरकारी कंपनीसाठी जमीन घेतात ती बहुधा १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. कलम ४ म्हणजे नुसता कोळशाचा शोध; तेवढ्यावर बैल विकायची घाई करू नका. कलम ७ची अधिसूचना निघाली की लेखी हरकतीला ३० दिवस मिळतात. खर्च पोचपावतीच्या टपालाचा. कलम ९ झालं की जमीन सरकारकडे आणि पुढे कंपनीकडे जाते. ‘कोळसा काढून झाला की वावर आपलंच’ असं काही जण सांगतात, त्यावर विसंबू नका. जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यावी, असं बंधन या कायद्यात नाही.

पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी २००६च्या अधिसूचनेनुसार होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. सूचना किमान ३० दिवस आधी निघायला हवी आणि पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत वाचायला मिळायला हवा. बोलायला एक रुपयाही लागत नाही, जमीन जात असलीच पाहिजे असंही नाही. मजुरी बुडते, तेवढीच. एका सुनावणीत पंचाहत्तरीच्या एका आजींनी विचारलं, “वरची काळी माती कुठं ठेवाल?” मंडपात टाळ्या पडल्या, पण इतिवृत्त वाचून दाखवताना तो प्रश्न त्यात नव्हता. शेवटी मुद्दे वाचून दाखवावेच लागतात, त्यामुळे तोवर थांबा, राहिलेला मुद्दा तिथेच लिहायला लावा. स्वतःचं निवेदन दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का घ्या. झेरॉक्ससकट खर्च चहाच्या कपाएवढा.

आता मोठी रक्कम, जी गावाने द्यायची नसते पण जिच्यावर गावाने नजर ठेवायची असते. खाण बंद करून जमीन सावरण्यासाठी कंपनीला आधीपासूनच एका वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे भरावे लागतात. ते कोळसा नियंत्रकांच्या देखरेखीखाली असतं. ही पद्धत २००९ पासूनची. कोळसा मंत्रालयाच्या २०२०च्या सूचनांत खुल्या खाणीसाठी हेक्टरी ९ लाख आणि भूमिगत खाणीसाठी दीड लाख रुपये असा मूळ दर होता, महागाईप्रमाणे वाढणारा. समजा, ५०० हेक्टरची खुली खाण आणि आयुष्य २५ वर्षं. मूळ दराने ४५ कोटी झाले, म्हणजे वर्षाला १ कोटी ८० लाख. झालेलं काम तपासून टप्प्याटप्प्याने त्यातली काही रक्कम कंपनीला परत मिळते. गावाने प्रश्न विचारायची खरी वेळ हीच.

त्यासाठी माहितीचा अधिकार. केंद्र सरकारच्या कंपनीला अर्ज १० रुपयांत, प्रत पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, केंद्राच्या नियमांत त्यालाही फी नाही. अर्जात ‘पुनर्वसनाची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. खात्यात आजवर किती भरले, किती परत मागितले, त्यासाठी कोणतं काम दाखवलं, किती हेक्टर खड्डा भरला, वरची माती कुठल्या गटात साठवली, असे सुटे प्रश्न टाका. चाळीस पानं आली तरी खर्च नव्वद रुपये.

मंजुरीच चुकीची वाटत असेल तर हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे. अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी ६० पर्यंत. त्यानंतर दार बंद. भरपाई मागायची नसेल तर फी १००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का, पण हजारापेक्षा कमी नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायका आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून अर्जदार कोण असावं, याचा विचार घरात बसून आधी करा.

कागदाइतकंच डोळ्यांचं काम. मंजुरीपत्र परिवेश पोर्टलवर फुकट बघता येतं. त्यातल्या अटी छापून घ्या. मातीच्या ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, ही नेहमीची अट. म्हणजे दहा फूट आडवं गेल्यावर साधारण सव्वापाच फूट चढ. पायथ्याला भिंत आणि भोवती चर नसेल तर पहिल्याच जोरदार सरीत राखाडी गाळ धुरा ओलांडून पऱ्हाटीत शिरतो. उन्हात वाळला की त्याची खपली पडते आणि खालची रोपं पिवळी होतात. वरची काळी माती वेगळ्या ढिगात आहे की दगडाखाली गाडली, हे रस्त्यावरूनही दिसतं.

खाण सुरू होण्याआधी घराच्या भिंतींचे फोटो काढा. गाठी मारलेल्या दोरीने विहिरीचं पाणी दिवाळीनंतर आणि मे महिन्यात मोजा, तारखेसह वहीत लिहा. अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीला १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो हाती आला की ही वही त्याच्या शेजारी उघडून बसा.