परसातील मिश्र कळपात शोभेच्या लहान कोंबड्या

परसात गावरान, वनराज किंवा गिरिराज कोंबड्या पाळणारी कित्येक कुटुंबे त्यांच्या जोडीस शोभेची एखादी लहान जात हौसेने ठेवतात. रेशमासारख्या मऊ पिसांची सिल्की, आखूड पायांची व उभ्या शेपटीची जपानी बँटम आणि पायांवर पिसे असलेली कोचीन बँटम या त्यांपैकी परिचित जाती होत. ‘बँटम’ हे नाव जावा बेटाच्या पश्चिम भागातील बांतेन बंदरावरून पडले. या हौसेस हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु पाऊण किलोचा पक्षी तीन-चार किलोंच्या कोंबड्याबरोबर एकाच खुराड्यात कोंडला, तर तो फार दिवस टिकत नाही. आणि बाजारातून आणलेल्या जोडीबरोबर रोग घरात शिरला, तर ज्या कोंबड्यांच्या अंड्यांवर घरची मीठमिरची चालते त्याही हातच्या जातात.

यास्तव नवीन पक्षी आणल्याबरोबर कळपात सोडू नयेत. निदान एकवीस दिवस, शक्य तर महिनाभर, ते घराच्या दुसऱ्या बाजूस डालग्याखाली किंवा पिंजऱ्यात ठेवावेत. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लागण झालेला पक्षी आरंभी धडधाकट दिसू शकतो, हे त्याचे कारण होय. या काळात त्यांचे पाण्याचे भांडे निराळे असावे, आणि घरच्या कोंबड्यांचे काम उरकल्यावरच नव्या पक्ष्यांना हात लावावा. पिसांच्या मुळाशी उवा व पायांच्या खवल्यांखाली खरूज आहे काय, हेही पाहून घ्यावे. पिसाळ पायांच्या जातींत ती सहज दृष्टीस पडत नाही. सिल्कीचे नर-मादी चार-पाच महिन्यांपर्यंत खात्रीने ओळखता येत नाहीत. त्यामुळे लहान वयात ‘जोडी’ म्हणून घेतलेले दोन्ही पक्षी पुढे कोंबडेच निघाल्याचा अनुभव पुष्कळांना येतो.

लशीच्या बाबतीत एक गैरसमज ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून दूर केला पाहिजे. पक्षी लहान म्हणून लस अर्धी टोचावी, असे अनेकांना वाटते. जंताचे औषध वजनाच्या मानाने कमी-अधिक द्यावयाचे असते. लशीचे तसे नाही. ती दर पक्ष्यास ठरलेल्या मात्रेतच दिली पाहिजे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस, हा सामान्य क्रम आहे. एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची लस असते आणि कालवल्यानंतर ती एक-दोन तासांत संपवावी लागते. चार पक्ष्यांसाठी कुपी फोडण्यापेक्षा आळीतील सर्वांच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घेणे इष्ट होय. सिल्कीला मॅरेक रोगाची बाधा लवकर होते. त्यात एक पाय पुढे व एक मागे पसरून पक्षी बसतो. मानमोडीत मात्र हिरवट हगवण व मान पिळवटणे ही चिन्हे दिसतात आणि बिनलशीच्या कळपात ती झपाट्याने पसरते. अनेक पक्षी एकाएकी मेले, तर ते कापू वा विकू नयेत. दवाखान्यास तत्काळ कळवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून ही खबरदारी ऐच्छिक राहिलेली नाही.

कळपातील खरा त्रास आकाराच्या फरकातून उद्भवतो. दाणे टाकताच मोठ्या कोंबड्या लहानांना टोचून हाकलतात, आणि दिवसाकाठी ज्यास पन्नास-साठ ग्रॅमच खाद्य पुरते, असा पक्षीही उपाशी राहतो. भांडी वाढवून हे पुरते थांबत नाही. बांबूच्या कामट्यांचे एक डालगे पालथे घालून त्याच्या बाजूस फटी ठेवाव्यात. लहान पक्षी आत शिरेल व मोठ्या कोंबडीचे खांदे अडतील, एवढीच त्या फटीची रुंदी असावी. खाद्य व पाणी आत ठेवावे. हीच सोय पिल्लांनाही उपयोगी पडते.

सिल्कीविषयी विशेष जपावे लागते. तिच्या डोक्यावरील तुऱ्याखाली कवटीचे हाड पुष्कळदा उंचावलेले असून माथ्यावर ते पुरते जुळलेले नसते. दुसऱ्या कोंबडीची एक जोराची टोच तेथे बसली, तर पिल्लू दगावू शकते. डोळ्यांवर आलेली पिसे कातरून टाकावीत, म्हणजे तिला घार व मांजर दोन्ही दिसतात. तिच्या पिसांचे धागे एकमेकांत गुंतत नसल्याने पाऊस अंगावरून ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात तिला बाहेर सोडू नये. तिला उडता येत नाही. म्हणून रात्रीची दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि मोठ्या कोंबड्यांच्या दांडीखाली येणार नाही अशी, बांधावी. तिचे काळे कातडे पाहून कडकनाथशी गल्लत करू नये. झाबुआकडील ती जात निराळी असून तिची पिसे सामान्य कोंबडीसारखीच असतात.

मोठा कोंबडा लहान मादीवर चढला, तर तिची पाठ नख्यांनी फाटते. तेव्हा वेगळे खुराडे बांधणे जमत नसेल, तर कळपात मोठा कोंबडा ठेवू नये, हेच सरळ. अंडी मिळण्यास कोंबड्याची गरज नसतेच.

शोभेपलीकडे या पक्ष्यांचा एक उपयोग मात्र मोलाचा आहे. वनराज व गिरिराज कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. सिल्की वारंवार बसते, आणि परक्या अंड्यांवरही एकवीस दिवस इमानाने बसते. मोठी अंडी असल्यास चार-पाचच ठेवावीत. अधिक ठेवल्यास कडेची गार पडतात. ज्यांच्याकडे खुडूक होणारी गावरान कोंबडी आहे, त्यांना केवळ या कामासाठी सिल्की विकत घेण्याचे प्रयोजन नाही. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठून दाणापाणी घेते की नाही, हे पाहावे. न उठल्यास तिला हाताने उचलून बाहेर ठेवावे.

जपानी बँटमची पैदास करणाऱ्यांना बहुधा एक कोडे पडते. अंडी सफळ, कोंबडी नीट बसलेली, तरीही चारांत एखादे पिल्लू कवचातच मरते. दोष कोंबडीला किंवा विजेच्या कडकडाटाला दिला जातो. वास्तविक आखूड पाय देणारा आनुवंशिक गुण आईबाप दोघांकडून आला, तर गर्भ जगत नाही. दोन आखूड पायांच्या पक्ष्यांच्या संकरात सरासरीने एकचतुर्थांश गर्भ याप्रमाणे मरतात, अर्धी पिल्ले आखूड पायांची व उरलेली लांब पायांची निपजतात. त्या लांब पायांच्या माद्या निरुपयोगी समजून विकून टाकू नयेत. आखूड पायांच्या कोंबड्याशी त्यांचा संकर केला, तर या कारणाने एकही अंडे वाया जात नाही आणि सुमारे निम्मी पिल्ले आखूड पायांची मिळतात.